घरची वीज, दारची गाडी



आपल्या वस्त्यांमध्येही आता विजेवर चालणाऱ्या गाड्या दिसू लागल्या आहेत. कुणी स्कूटर घेतली, कुणी रिक्षा, तर कुणाच्या मुलाने कर्ज काढून भाड्याने चालवण्यासाठी मोटार घेतली. पेट्रोलचा खर्च वाचतो, चार पैसे हाती राहतात. आनंदाचीच गोष्ट आहे. पण पेढे वाटून झाले की पहिल्याच रात्री काय होते? टी.व्ही.च्या प्लगला एक्स्टेन्शन बोर्ड लागतो, वायर खिडकीतून बाहेर जाते, गाडी चार्जिंगला लागते आणि सगळे घर झोपी जाते. धोका इथेच आहे.

छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. मोटारीबरोबर मिळणारा घरगुती चार्जर सुमारे ३,३०० वॅट घेतो. म्हणजे चाळीसहून अधिक पंखे एकाच प्लगवर! कुणी म्हणेल, इस्त्री नि गिझरही पुष्कळ वीज खातात. खरे आहे, पण ते थोड्या वेळात बंद होतात. मोटार मात्र आठ-नऊ तास सलग वीज ओढते. वायरीतला प्रवाह दुप्पट झाला, की तिचे तापणे चौपट होते. त्यात स्क्रू ढिला असला, प्लग काळवंडलेला असला, तर नेमकी तीच जागा पेटते. दाटीच्या वस्तीत आग एका घरापुरती राहत नाही.

मग करायचे काय? आधी विजेचे बिल काढा. त्यावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. तो एक किलोवॅट असेल, तर मोटार त्यात बसणार नाही. अर्ज करून भार वाढवून घ्या. २०२४ साली वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली. तिच्यानुसार गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते. नवी जोडणी महानगरात ३, इतर शहरांत ७ आणि खेड्यात १५ दिवसांत द्यावी, असे हे नियम सांगतात.

दुसरे, परवाना असलेल्या वायरमनकडून मीटरजवळच्या मेन बोर्डापासून गाडीसाठी स्वतंत्र लाइन ओढून घ्या. १६ अँपिअरच्या प्लगसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एम.सी.बी. असावा. वायरीला मध्ये जोड नको. भिंतीवर बसवायचा सात किलोवॅटचा चार्जर सुमारे ३२ अँपिअर ओढतो. त्याला आणखी जाड वायर लागते. ती किती जाड हवी, ते अंतर पाहून ठरवावे लागते.

तिसरे, एम.सी.बी. वायरीला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. पावसाळ्यात ओल्या हाताने कुणी गाडीला हात लावला आणि वीज गळत असली, तर तो क्षणात वीज तोडतो. त्यावरचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून तो चालतो की नाही, ते पाहावे. अर्थिंगही पक्के हवे. प्लगची तिसरी पिन तोडणे म्हणजे अर्थिंगच काढून टाकणे. फ्यूजमध्ये जाड तार घालण्याची सवयही सोडा. वेळेवर तुटणे हेच तर फ्यूजचे काम आहे.

स्कूटरचा चार्जर मोटारीपेक्षा कितीतरी कमी वीज घेतो, पण म्हणून गाफील राहू नये. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत एका घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. बॅटरी झोपायच्या खोलीत, दाराच्या वाटेवर किंवा गॅसजवळ कधीही लावू नका. चार्जर कंपनीचाच वापरा.

घर भाड्याचे असेल तर मालकाशी आधी बोला. शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढू नका. गाडीचा हप्ता दरमहा भरणाऱ्या घराने वायरीच्या पैशांत काटकसर करू नये.

आणि आज रात्री गाडी लावलीत, तर अर्ध्या तासाने बटण बंद करून प्लग काढा आणि त्याला हात लावून पाहा. तो गरम लागला, किंवा जळका वास आला, तर त्या प्लगवर गाडी पुन्हा लावू नका. सकाळी आधी वायरमनला बोलवा.