पुराव्यावाचून शिक्षा

घरच्या संगणकाने पेन ड्राइव्ह किंवा प्रिंटर ओळखण्याचे नाकारले की, ते यंत्रच निकामी झाले असे गृहीत धरून नव्या खरेदीसाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीची वाट धरणारे पुणेकर पुष्कळदा निरपराध उपकरणाला पुराव्यावाचून शिक्षा फर्मावीत असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या यूएसबी जोडणीचे पहिले प्रमाणक १९९६ साली सिद्ध झाले आणि जिच्या निर्मात्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर अजय भट्ट अग्रभागी होते, तिच्या मूळ केबलीत चार तारा असतात, दोन विद्युत्प्रवाहाच्या आणि दोन माहितीच्या. परंतु केवळ चार्जिंगसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त केबलींत माहितीच्या तारा नसल्यामुळे उपकरणाचा दिवा लागतो, आणि तरीही संगणकाला त्याची वर्दी पोहोचतच नाही. म्हणून प्रथम केबल बदलावी. मग पुढच्या पोर्टऐवजी मागचे, मदरबोर्डावरचेच पोर्ट वापरावे. हार्ड डिस्क असल्यास मधला हब वगळावा, कारण यूएसबी २.० चे पोर्ट ५०० मिलिअँपिअरच प्रवाह देण्यास बांधलेले असते, आणि स्वतंत्र वीज नसलेल्या हबवर तोही वाटला जातो. तेवढ्याने न भागल्यास डिव्हाइस मॅनेजरमधून उपकरणाची नोंद काढून संगणक पुन्हा सुरू करावा, म्हणजे ड्रायव्हर नव्याने रुजू होतो. मात्र पेन ड्राइव्ह वा हार्ड डिस्कमध्ये कुटुंबाची छायाचित्रे वा दस्तऐवज असताना ‘फॉरमॅट’ची सूचना कदापि मान्य करू नये. आणि दुकानदारांना विनंती अशी की, माहिती न वाहणारी केबल विकताना तसे ग्राहकास आधी सांगावे.