विश्लेषण : उन्हाळ्याच्या अखेरचा ‘प्रस्तरारोहण वीकेंड’ किती सुरक्षित? सोलापूरकरांनी पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

शाळा-महाविद्यालये सुरू होण्यापूर्वीचे शेवटचे दोन-तीन शनिवार-रविवार जवळ आले, की ‘दोन दिवसांचे प्रस्तरारोहण शिबिर’, ‘पावसाळ्याआधीची शेवटची मोहीम’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. सोलापुरातले तरुणही शुक्रवारी रात्रीची गाडी धरून सह्याद्रीकडे निघतात. कड्याची उंची सगळ्यांना दिसते. पण या दिवसांतला मोठा धोका उंचीपेक्षा तारखेत दडलेला असतो. तो कसा, हे समजून घेऊ.

२०२५ च्या मेअखेरीस काय घडले?

मोसमी पाऊस साधारणपणे १ जूनला केरळमध्ये आणि ११ जूनच्या आसपास मुंबईत पोहोचतो. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते, त्यामुळे मे महिना ‘कोरडा’ असा आपला समज पक्का आहे. २०२५ मध्ये मात्र मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळमध्ये, २५ मे रोजी तळकोकणात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. म्हणजे मुंबईत नेहमीपेक्षा तब्बल दोन आठवडे आधी. २४ आणि २५ मे हे शनिवार-रविवार होते. ज्या सुट्टीला ‘पावसाआधीची शेवटची संधी’ म्हणतात, नेमक्या त्याच सुट्टीत पाऊस राज्यात आला. दरवर्षी असे होईलच असे नाही. पण महिनाभर आधी ठरवलेली तारीख हवामान पाळत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. शिवाय मे महिन्यात दुपारनंतर विजांसह येणारा वळीव वेगळाच. उघड्या कड्यावर किंवा सुळक्याच्या माथ्यावर वीज पडण्याचा धोका सर्वाधिक असतो.

सोलापूरकरांना एवढ्या लांब का जावे लागते?

सोलापूर आणि सह्याद्री दोन्हीकडचा खडक एकच, काळा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. पश्चिमेला हे थर एकदम तुटतात आणि उभे कडे तयार होतात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, खंडाळ्याची नागफणी, तैलबैलाच्या भिंती, जीवधनशेजारचा वानरलिंगी सुळका ही त्याचीच रूपे. पूर्वेला सोलापूरकडे येताना तेच थर सपाट माळरान होतात. त्यामुळे सोलापूरच्या आसपास मोठा कडा नाही. पुणे सुमारे २५० किलोमीटर, तर नागफणी ३०० किलोमीटरहून लांब.

अर्थात, कडा जवळ नसला म्हणून गिर्यारोहक घडत नाहीत असे नाही. सोलापूरचे आनंद बनसोडे यांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट सर केले. पण वीकेंडला जाणाऱ्याचे गणित वेगळे असते. शुक्रवारची रात्र गाडीत, शनिवारी पहाटे पायपीट आणि लगेच चढाई. झोप न झालेल्या माणसाच्या हातून गाठ अर्धवट बांधणे, कॅरॅबिनरचा लॉक न फिरवणे अशा साध्या चुका होतात. इथे साधी चूकही जिवावर बेतू शकते.

पाऊस पडला की खडकाचे आणि दोराचे काय होते?

बेसॉल्टला उन्हा-पावसाने भेगा पडतात. हाताला पक्का वाटणारा दगड निखळून येतो. थरांच्या मधल्या पट्ट्यांवर माती आणि वाळलेले गवत असते. पहिल्या सरीत ही माती निसरडी होते आणि तिच्यात अडकलेले दगड सुटून खाली येतात. म्हणून हेल्मेट फक्त चढणाऱ्याने नव्हे, तर कड्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या प्रत्येकाने घालायला हवे.

चढाईचा दोर नायलॉनचा असतो. माणूस पडला तर तो थोडा ताणला जाऊन धक्का शोषतो. भिजल्यावर धक्का सोसण्याची त्याची क्षमता लक्षणीय घटते. कड्यावर आधीपासून लटकत असलेल्या जुन्या पट्ट्या आणि दोर उन्हाने कमकुवत झालेले असतात, तर जुन्या मेखा गंजलेल्या असू शकतात. ‘आधीच्या गटाने लावले आहे’ या भरवशावर त्यांना लटकणे चुकीचे.

पाऊस नसेल तर धोका नाही का?

आहे. सोलापुरात ४२-४३ अंशांचे ऊन अंगवळणी पडलेले असते, पण तापलेल्या काळ्या कातळाला चिकटून तासभर उभे राहणे वेगळे. पश्चिमेकडे तोंड असलेले कडे सकाळी सावलीत असतात आणि दुपारी भट्टीसारखे तापतात. त्यामुळे उजाडताच सुरुवात आणि ऊन चढण्याआधी आवराआवर, हाच योग्य क्रम. उन्हाळ्यात किल्ल्यांवरची अनेक टाकी आटलेली असतात, म्हणून पाणी बरोबर न्यावे लागते.

दुसरा धोका आग्या मोहोळांचा. ही मोहोळे उंच कड्यांच्या कपारीत असतात. धूर, आरडाओरडा, तीव्र वासाचे अत्तर यांनी माश्या खवळतात. जमिनीवर असलेला माणूस पळू शकतो, पण दोरावर लटकलेल्याला पळता येत नाही. मोहोळ दिसल्यास ती वाट त्या दिवसापुरती सोडणे, एवढाच उपाय आहे.

अनुभवी माणूस बरोबर असला की पुरेसे आहे का?

अनुभव आवश्यक आहे, पण तो हमी नाही. जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे हवामान अनुकूल असताना, कोकणकड्यावर ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा मृत्यू झाला. अनेक दशके सह्याद्रीचे कडे पालथे घातलेल्या माणसाबाबत असे घडू शकते, तर पहिल्यांदाच हार्नेस घालणाऱ्याने सगळा भार दुसऱ्याच्या अनुभवावर टाकू नये.

राज्य सरकारचे नियम काय सांगतात?

राज्याचे साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आले. जमीन, पाणी आणि हवेतील साहसी उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. पण समाजमाध्यमावर एक पान उघडून, दोनचार दोर घेऊन शिबिर भरवायला फारसे काही लागत नाही. सगळ्या कड्यांवर तपासनीस उभा करणे कोणत्याच यंत्रणेला शक्य नाही. म्हणजे पहिली तपासणी सहभागी होणाऱ्याने किंवा त्याच्या पालकांनीच करायची आहे.

अपघात झाला तर मदत कोण करते?

११२ हा आपत्कालीन क्रमांक आहेच. पण कड्यावरून जखमीला उतरवण्याचे कसब प्रामुख्याने स्वयंसेवी गिर्यारोहकांकडे आहे. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर उभे राहिले. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रची पथके काम करतात. ही माणसे आपली नोकरी-धंदा सोडून धावत येतात. तरीही मोबाइलला रेंज मिळणे, पथक जमणे, पायथ्याशी पोहोचणे आणि जखमीला खाली आणणे यात कित्येक तास जातात. म्हणून प्रथमोपचार जाणणारा माणूस आणि स्ट्रेचरची सोय गटाकडेच असावी लागते. रेस्क्यू सेंटरचा मदत क्रमांक निघण्यापूर्वीच फोनमध्ये जतन करून ठेवावा.

मग पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

पहिला प्रश्न : नोंदणी आहे का आणि विमा कोणता आहे? दुसरा : प्रमुखाने दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट किंवा उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगसारख्या संस्थेतून प्रशिक्षण घेतले आहे का? तिथला प्राथमिक अभ्यासक्रमच सुमारे चार आठवड्यांचा असतो. तिसरा : किती नवख्यांमागे किती प्रशिक्षक? चौथा : प्रत्येकाला स्वतंत्र हेल्मेट मिळणार का आणि दोर किती जुना आहे?

पाचवा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आणि बहुतेक जण तो विचारतच नाहीत : पाऊस आला तर मोहीम रद्द कोण करणार आणि पैसे परत मिळणार का? बस ठरलेली, जेवणाची आगाऊ रक्कम दिलेली, ३०० किलोमीटर प्रवास झालेला. अशा वेळी ‘थोडा वेळ थांबून बघू’ म्हणण्याचा मोह आयोजकाला होतो आणि सहभागींनाही. पैसे परत करण्याची किंवा तारीख बदलण्याची अट आधीच लेखी असेल, तर तो दबाव बराच कमी होतो. या प्रश्नावर टाळाटाळ झाली, तर नाही म्हणावे.

सोलापूरकरांपुढे दुसरा पर्याय आहे का?

आहे, आणि तो बराच सोयीचा आहे. कर्नाटकातील बदामीचे वालुकाश्माचे कडे क्लाइंबिंगसाठी देशभर ओळखले जातात. तिथल्या अनेक वाटांवर बोल्ट ठोकलेले आहेत. विजापूरमार्गे हे अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे सह्याद्रीच्या नामांकित कड्यांपेक्षा कमी. होटगी-गदग रेल्वेमार्गावर बदामी स्थानक आहे. तिथे जाण्याचा योग्य काळ मात्र थंडीचा. उन्हाळ्यात पुणे, पिंपरी-चिंचवडमधील कृत्रिम भिंतींवर सराव करता येतो. टोकियो स्पर्धेपासून स्पोर्ट क्लाइंबिंग ऑलिम्पिकमध्ये आहे, त्यामुळे भिंतीवरचा सराव म्हणजे दुय्यम काही, असे मानण्याचे कारण उरलेले नाही.

मेअखेरची सुट्टी गाठी, बिले आणि दोराची हाताळणी शिकण्यात घालवली, तर नोव्हेंबरमध्ये कडा तिथेच असेल. तोवर खडक वाळलेला असेल आणि हातही तयार झालेले असतील.