खपल्या दिसतात, माणूस दिसत नाही

कॉलेजात व्यसनमुक्तीचं पोस्टर लागलं की त्यावर हमखास दोन फोटो असतात. एक ड्रग्ज घेण्याआधीचा, एक नंतरचा. दुसऱ्या चेहऱ्यावर फोड, व्रण, खपल्या. आपण 'बापरे!' म्हणतो आणि कँटीनकडे वळतो. आपल्या ग्रुपमधलं कुणी तसं दिसत नाही ना!

माझ्या मते हे पोस्टर आपल्याला घाबरवतं, शिकवत काहीच नाही.

त्या खपल्या येतात कशा? कोकेन, मेथसारखी उत्तेजक ड्रग्ज मेंदूतलं डोपामिनचं गणित बिघडवतात. कातडीखाली किडे वळवळताहेत असं वाटायला लागतं. किडे नसतात, पण खाज खरी असते. माणूस रात्र-रात्र जागून टोकरत राहतो, जखमा होतात, त्यात जंतू शिरतात. सुईने घेणाऱ्यांना गळवं होतात. कोकेनमधल्या भेसळीत जनावरांचं जंताचं औषध, लेव्हामिसोल, सापडलंय. त्याने कानांवर, गालांवर जांभळे-काळे चट्टे उठतात, पांढऱ्या पेशीही घटू शकतात. पुडीत नेमकं काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

हे सगळं दूरचं वाटतंय? 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आलं. तरी नाशिक-पुण्याकडच्या छाप्यांच्या बातम्या आपण वाचतोच.

आता विचार करा, त्या पोस्टरवर हसलेल्या ग्रुपमध्येच एखादा अडकलेला असेल, तर तो काय करेल? फुल बाह्यांचा शर्ट घालेल. मेडिकलमधून कुठलीतरी स्टेरॉइडची ट्यूब आणेल, जिने जंतुसंसर्ग आणखी चिघळू शकतो. डॉक्टरकडे गेलाच तर 'अ‍ॅलर्जी असेल' म्हणेल. खरं कारण न कळता उपचार कसे होणार?

उलटही ध्यानात ठेवा. प्रत्येक पुरळ, प्रत्येक डाग म्हणजे ड्रग्ज नव्हे. पिंपल्स, एक्झिमा, परीक्षेचं टेन्शन, काहीही असू शकतं. चेहरा बघून कुणावर शिक्का मारू नका.

पण मित्राच्या हातावरच्या जखमा भरतच नसतील, तर गप्पही बसू नका. 'काय रे, हाताला काय झालं?' एवढं एकट्यात विचारा. त्वचारोगतज्ज्ञाकडे सोबत जा, तिथे खरं सांगायला धीर द्या. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ पासून हेच काम करतंय. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देणारं ६४ अ हे कलमही त्याच कायद्यात आहे.

पुढच्या पोस्टरवर तो दुसरा फोटो नको. हा नंबर छापा.