सत्कार करा, पण सर्व्हे नंबर वाचून

विक्रोळीत सत्काराचं कुणाला अप्रूप नाही. कन्नमवार नगरात चौकाचौकात फ्लेक्स लागतात, शाली पडतात, नारळ हातात येतात. म्हणूनच खाडीकाठची जमीन राखणाऱ्या एखाद्या सरकारी अधिकाऱ्याचा जाहीर गौरव करा म्हटलं की उत्तर तयार असतं: पगार कशाचा घेतो तो? कांदळवन वाचवलं कोर्टानं, विक्रोळीत तर गोदरेज कंपनीनं. साहेबांनी काय केलं?

बिनतोड वाटतं. पण तारखा बघा. खारफुटीची तोड आणि भराव थांबवणारा उच्च न्यायालयाचा आदेश ऑक्टोबर २००५चा. त्याच्या अंमलबजावणीमागे लागणारा वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला २०१२ साली. एन. वासुदेवन त्याचे पहिले प्रमुख. २०१५ मध्ये ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यानचं सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. आदेश आपल्या पायांनी चालत खाडीवर जात नाही.

गोदरेजचं श्रेय मान्य. पण मालकाची मर्जी म्हणजे कायदा नव्हे, आणि अख्खी खाडी काही एका मालकाच्या कुंपणात मावत नाही.

खारफुटी मरते कशी, हे एकदा नीट पाहिलं पाहिजे. बऱ्याचदा कुऱ्हाड लागतच नाही. रात्री डंपर येतो, राडारोडा ओतून जातो. भरतीची वाट बुजते, चिखलातून वर डोकावणारी तिवराची श्वासमुळं गाडली जातात, झाड उभ्याउभ्या वाळतं. मग म्हणायला मोकळे, 'इथं खारफुटी होतीच कुठं?' या प्रश्नाला भाषणानं उत्तर देता येत नाही. उपग्रहाचा नकाशा लागतो, मोजणी लागते, सातबाऱ्यावर वनाची नोंद लागते. भरावाकडे काणाडोळा करणाऱ्याला दुवा देणारे पुष्कळ. नोंद करणाऱ्याच्या वाट्याला शत्रूच येतात. पगार मात्र दोघांनाही सारखाच.

'मग बुलेट ट्रेनसाठी तोड झालीच ना?' हा आक्षेप जास्त वजनाचा. डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे २२ हजार झाडं तोडायला कोर्टानं परवानगी दिली, हे खरं आणि बोचणारं. पण आधी हा आकडा पन्नास हजारांच्या वर होता. शिवाय केंद्राच्या लाडक्या प्रकल्पालाही कोर्टाच्या दारात उभं राहून झाडांचा हिशेब द्यावा लागला, तो खारफुटी तोडायला कोर्टाची परवानगी सक्तीची करणाऱ्या उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालामुळे. पूर्वी कोण विचारत होतं?

तेव्हा सत्कार जरूर करा. फक्त 'पर्यावरणप्रेमी' असलं गुळगुळीत विशेषण नको. रोपं लावतानाच्या फोटोवर तर मुळीच नको. जुनं कांदळवन घालवून नवी रोपं मिरवणारे खूप झाले. मानपत्रात सर्व्हे नंबर लिहा, किती हेक्टर वनखात्याच्या ताब्यात आले ते लिहा, किती भराव उपसून काढला ते लिहा. ज्याच्याकडे लिहिण्यासारखं काही नाही त्याला बोलावू नका, मग तो कितीही मोठ्या हुद्द्याचा असो. आणि रात्री डंपर अडवायला जो वनरक्षक उभा राहतो, त्याची खुर्ची साहेबांच्या शेजारी मांडा, पहिल्या रांगेत.