आधी यादी, मग बॅटरी

छतावर तीन किलोवॉटचं सोलर, बाहेर रणरणतं ऊन, आणि तरी लाईट गेली की घरातला पंखा बंद! सोलर बसवलेल्या बहुतेकांना हा धक्का पहिल्याच उन्हाळ्यात बसतो. बिघाड काहीच नसतो. नेट मीटरिंगवरचा साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की आपणहून थांबतो, आणि थांबायलाच हवा. नाहीतर आपल्या छतावरची वीज उलटी तारेत शिरून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

मग माणूस बॅटरीच्या दुकानाची पायरी चढतो. "साहेब, बजेट किती?" हा तिथला पहिला प्रश्न. त्याचं उत्तर देण्याआधी घरी बसून एक यादी करावी, असं माझं मत आहे.

बिल कमी व्हावं म्हणून बॅटरी घेणार असाल, तर थांबा. नेट मीटरिंगमध्ये दिवसा उरलेले युनिट महावितरणच्या तारेत जातात आणि आपल्या वापरातून वजा होतात. तीच वीज बॅटरीत भरून रात्री काढली तर वाटेत थोडी खर्ची पडते. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, पण बॅटरीसाठी वेगळं काही नाही. शिवाय साध्या ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला बॅटरी जोडता येत नाही, हायब्रिड लागतो. एवढा खर्च करायचा तो लाईट नसतानाच्या तासांसाठी. त्या तासांत काय चाललंच पाहिजे, ते आधी ठरवावं.

आमची यादी रात्री जेवताना झाली. आईने पंखा मागितला, मुलीने वायफाय, बायकोने फ्रीज. माझ्या टीव्हीकडे कुणी लक्ष दिलं नाही. मिक्सरवर मात्र वाजलं. "मग चटणी काय पाट्यावर वाटू?" मुद्दा रास्त होता. मिक्सर पाच मिनिटं चालतो, त्याला वीज थोडीच लागते. पण तेवढा वेळ पाचशे वॉट पेलणारा इन्व्हर्टर हवा. किती वीज साठवायची आणि एका वेळी किती ओढायची, हे दोन हिशेब वेगळे.

दोन बीएलडीसी पंखे, पाच एलईडी आणि राउटर मिळून साधारण ११५ वॉट. पाच तासांचे झाले जेमतेम ०.६ युनिट. फ्रीज आणि चटणी धरूनही बेरीज एका युनिटाच्या आसपास राहते.

आता लेबल वाचा. १२ व्होल्टची १५० एएच ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट, पण ती वारंवार निम्म्याखाली उतरवली तर आयुष्य घटतं, म्हणून हाती ०.९ च धरावेत. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १०० एएच म्हणजे १.२८, त्यातले ऐंशी-नव्वद टक्के बिनघोर वापरता येतात. म्हणजे इथे १००चा आकडा १५०ला भारी पडतो. ट्युब्युलर घेतलीच तर 'सी१०' लिहिलेली पाहा. 'सी२०'चा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी करून काढलेला असतो, म्हणून तो मोठा दिसतो.

लिथियम महाग, पण डिस्टिल्ड वॉटरची कटकट नाही आणि हजारो सायकल टिकते. ट्युब्युलर स्वस्त, आणि तिचा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही भेटतो. रोज लाईट जात असेल तर लिथियम परवडते. महिन्यातून एखाद्या वेळी जात असेल तर ट्युब्युलर पुरे. कुठलीही घ्या, पत्र्याखाली ठेवू नका. उष्णतेने दोन्ही लवकर म्हाताऱ्या होतात.

आमच्या यादीतून गीझर, इस्त्री आणि पाण्याची मोटार बाद झाली. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तिच्यासाठी इन्व्हर्टर मोठा घ्यायचा म्हणजे खर्चाला अंत नाही. त्यापेक्षा भर उन्हात सोलरवर मोटार चालवून गच्चीवरची टाकी भरून ठेवावी. तीही साठवणच, आणि तिला वॉरंटी कार्ड लागत नाही.