सोळाव्या दिवसाचे काय?

नोएडाच्या सेक्टर 55 मधील एका वृद्धाश्रमातून जून 2025 मध्ये 39 वृद्धांची सुटका करण्यात आली. हात बांधलेल्या वृद्धेची चित्रफीत आधी पसरली, मग यंत्रणा हलली. चर्चा झाली ती मुलांच्या कृतघ्नतेची. कुटुंबांवर आपली माणसे अशा जागी ठेवण्याची वेळ का येते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

उत्पन्नाची अट न ठेवता सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना 'आयुष्मान भारत'चे 5 लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये घेतला. निर्णय मोठा, यात शंका नाही. परंतु हे संरक्षण दाखल रुग्णाचे आहे. भरती होण्यापूर्वीचे 3 दिवस आणि घरी पाठविल्यानंतरचे 15 दिवस, एवढीच त्याची हद्द. खुब्याचे हाड मोडलेल्या आजींची शस्त्रक्रिया त्यात बसते. सोळाव्या दिवशी त्यांना न्हाणीघरापर्यंत धरून नेणारी बाई बसत नाही. सीजीएचएसचे कार्ड बाळगणाऱ्या निवृत्त मराठी अधिकाऱ्याची स्थिती फार निराळी नाही. मुले पुण्यात वा परदेशात, आणि वृद्धनिवासाचे मासिक शुल्क निवृत्तिवेतनातूनच.

खरी गोम खातेवाटपात आहे. आजार आरोग्य मंत्रालयाचा, वार्धक्य सामाजिक न्याय मंत्रालयाचे. पहिल्याकडे विमा आहे, दुसऱ्याकडे स्वयंसेवी संस्थांना अनुदान. 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुलांकडून दरमहा कमाल 10 हजारांचा निर्वाह भत्ता मिळवून देतो आणि निराधारांसाठी जिल्ह्यागणिक किमान 150 जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद करतो. ना निराधार, ना श्रीमंत, अशा मधल्या वर्गाला त्यात जागा नाही. खासगी वृद्धनिवासांची नोंदणी व किमान निकष सांगणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. सतराव्या लोकसभेबरोबर ते व्यपगत झाले. गोंधळात बुडालेल्या विधेयकांची निदान बातमी तरी होते.

जर्मनीने 1995 मध्ये आणि जपानने 2000 मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा स्वतंत्र सक्तीचा विमा आणला; जपानमध्ये चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. भारताला तो भार आज पेलणार नाही, हा अर्थ खात्याचा आक्षेप गैर म्हणता येणार नाही. मात्र निवास-भोजन कुटुंबाकडे ठेवून परिचारिका व फिजिओथेरपीपुरती 15 दिवसांची मुदत 90 दिवसांवर नेणे अशक्य नाही. त्यासाठी आधी नोंदणीचा कायदा हवा. अन्यथा विम्याचा पैसाही सेक्टर 55 सारख्याच दारांतून आत जाईल.