बंद सभागृहाचा हिशेब



मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या नगरसेवकांची मुदत ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस संपली. नवे सभागृह निवडायला मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ ला. कायद्याप्रमाणे पालिकेची दर महिन्याला निदान एक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे. म्हणजे चाळीस सभा झाल्याच नाहीत.

पालिका मात्र बंद नव्हती. घरपट्टीची बिले वेळेवर आली, रस्ते खणले गेले, निविदा निघाल्या. बंद होती ती फक्त या सगळ्याबद्दल विचारण्याची जागा. आयुक्त हेच प्रशासक झाले; सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच गेले. प्रस्ताव आयुक्तांनी मांडायचा आणि प्रशासकांनी मंजूर करायचा. दोघे एकच, टेबलही एकच. अंदाजपत्रकाचेही तसेच. घरात सासूच फिर्यादी आणि सासूच न्यायाधीश असली की काय होते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मुर्ध्यातून पाहिले तर ही गोष्ट २०२२ च्या पुष्कळ आधी सुरू होते. भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे जुने गाव. राई-मुर्ध्याची एक ग्रामपंचायत होती. १९८५ मध्ये पाच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, आणि १९९० मध्ये राई-मुर्धा, डोंगरी, उत्तन, वर्सावे याही तिच्यात आल्या. पुढे २००२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू होऊन ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले, तेव्हा मुर्ध्यात ग्रामसभाच उरलेली नव्हती. गावातल्या बाईला उभे राहून ‘हे का झाले?’ असे विचारण्याची जी एक हक्काची जागा मिळायची, ती गाव शहरात गेल्यामुळे गेली. बदल्यात मिळाला नगरसेवक. निवडून दिलेला माणूस आपल्या वतीने सभागृहात विचारील, असा तो करार. साडेतीन वर्षे हा करारही स्थगित होता.

आणि ही वर्षे गावासाठी रिकामी नव्हती. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई, मुर्धा, मोर्वा या भागात व्हायची होती. गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. मग ती डोंगरीला सरकली आणि तिथल्या हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला. कारशेड कुठे असावी हे पालिका ठरवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण झाडे तोडायची परवानगी देणारे वृक्ष प्राधिकरण पालिकेचे असते, आणि कायद्याने त्यात नगरसेवक सदस्य असतात. सभागृहच नाही, तर हे सदस्य कुठून येणार? लोकांनी हरकती घ्यायच्या त्या पुन्हा अधिकाऱ्यांकडेच. विकासाला विरोध करणारे म्हणून आपल्याला हिणवले जाते. विरोध नोंदवायची रीतसर जागाच काढून घेतली गेली, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता आपल्या मुद्द्याकडे येते. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. मीरा-भाईंदरच्या ९५ पैकी निम्म्या. सभागृह बरखास्त झाले तेव्हा महापौरही बाईच होत्या. आरक्षण कुणी रद्द केले नाही, त्यावर कुणी बोटही ठेवले नाही. फक्त निवडणूक घेतली नाही, आणि एका रात्रीत निम्म्याचे शून्य झाले. महिला व बालकल्याण समिती ही पालिकेची कायद्याने नेमायची समिती. नगरसेविकाच नाहीत म्हटल्यावर तीही गेली. संपूर्ण राज्यात हेच होते. मुंबईत मार्च २०२२ पासून, तर औरंगाबाद, नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली इथे २०२० पासूनच. किती हजार बाया या काळात ‘माजी’ झाल्या, याचा हिशेब मांडायला हवा.

हे घडले कसे? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सांगितले की, ओबीसींच्या राजकीय आरक्षणासाठी आयोग नेमून आकडेवारी गोळा करा. ती तयार नव्हती. मग अध्यादेश, स्थगिती, बांठिया आयोग. एका सरकारने प्रभागरचना बदलली, दुसऱ्याने ती पुन्हा फिरवली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश आला. तो सुटायला ६ मे २०२५ उजाडले. यात ओबीसी आरक्षणाला दोष देणाऱ्यांच्या सुरात आपण सूर मिसळू नये. ओबीसी बाई ही आपलीच आहे. दोष आकडेवारी वेळेत न करणाऱ्यांचा, आणि निवडणूक नसण्याची सोय ज्यांना मानवली त्या सर्व पक्षांचा.

घटनेचे कलम २४३ यू स्वच्छ सांगते की पालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक पुरी झाली पाहिजे. ते मोडल्याची शिक्षा कुणालाच नाही. तिसरे मूल झाले म्हणून मात्र याच राज्यात बायांची पदे गेली आहेत. मूल किती हवे हे ज्या घरात तिला कुणी विचारले नाही, त्या घरातल्या बाईचे पद जाते. निवडणूक न घेणाऱ्यांचे काहीच जात नाही.

दूरच्या अमेरिकेतही गेल्या वर्षी असे घडले. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्रेचाळीस दिवस तिथले सरकारी कामकाज ठप्प होते आणि सभापतींनी त्या सगळ्या काळात प्रतिनिधिगृह भरवले नाही. ॲरिझोनातून अडेलिटा ग्रिहाल्वा २३ सप्टेंबरला निवडून आल्या होत्या. त्यांना शपथ मिळाली १२ नोव्हेंबरला. पन्नास दिवस त्यांच्या मतदारांना प्रतिनिधी नव्हता, तर केवढा गदारोळ झाला. आपल्याकडे साडेतीन वर्षे गेली, आणि चौकाचौकात ऐकू आले ते ‘बरं झालं, नगरसेवकांची कटकट नाही.’

या वाक्याला उत्तर द्यायला हवे. नगरसेवक धुतल्या तांदळासारखे होते असे मी म्हणत नाही. टक्केवारी होती, नगरसेविकेच्या खुर्चीमागे उभे राहणारे नवरेही होते. पण अशी नगरसेविकासुद्धा गल्लीत राहते. नळाला पाणी आले नाही की तिच्या दारात जाऊन हाक मारता येते, पुढल्या मतदानाची आठवण करून देता येते. प्रशासकांना भेटायला चिठ्ठी द्यावी लागते, रोजगार बुडवून बाकावर बसावे लागते, आणि तोवर त्यांची बदली होते. भाजी-मासळी विकून घर चालवणाऱ्या बाईला यातले काय परवडते?

म्हणून आपल्या गटांनी आता सभागृहाच्या दाराशी काही गोष्टी मागाव्यात. प्रशासकांच्या काळात झालेल्या ठरावांची यादी मराठीत, प्रभागवार जाहीर व्हावी आणि ती सभेपुढे चर्चेला यावी. महिला व बालकल्याण समितीने या वर्षांतला आपला निधी कुठे गेला, ते तपासावे. क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्येच कायद्यात आली, पण ती कुठे फारशी रुजली नाही. मुर्धा, राई, मोर्व्यापासून ती सुरू करावी. आणि महिन्याची सभा लोकांना खुली असते. प्रत्येक गटातून निदान दोघींनी प्रेक्षक कक्षात बसावे, वही घेऊन. कोण बोलले, कोण गप्प बसले, आणि नगरसेविकेच्या वतीने कोण उठले, ते टिपून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.